कल्पना देणे

आमच्याकडे कल्पना करतात कमी,
देतात जास्त.
उद्या नळाला पाणी नाही, शेजारी कल्पना देऊन ठेवा.
पानं दोन वाढली, आधी कल्पना द्यायचीत ना.
साहेब कुठेत? कल्पना नाही.
निबंधाच्या वहीत तेवढा हा शब्द पंख लावून यायचा,
एरवी दाराशी उभा राहून निरोप सांगणारा,
पायात रबरी चप्पल,
आत या म्हटलं तरी न येणारा.

सूरला आलो तेव्हा सामानात होताच,
कुळथाचं पीठ, दोन पंचे, हा.
गोदामात मी सागवानाची मापं लिहितो,
खिळे किलोवर, काथ्या वजनावर.
हर्णैचा याकूब खतीब गलबतांना फळ्या बसवायचा.
त्याच्या उस्तादाला पहिल्याच आठवड्यात विचारलं,
नकाशा कुठाय?
म्हाताऱ्या हमूदने कपाळाला बोट लावलं. खयाल.
मग खाडीच्या पाण्यात उलटा हलणारा सांगाडा,
त्याच्याकडे तेच बोट, पुन्हा तोच शब्द.
याकूब तोंडातले खिळे काढून हसला.
"आई पत्रात लिहायची ना, ख्यालीखुशाली कळवा,
तो हाच. इथलाच गडी,
आपल्याकडे जाऊन पोस्टात लागला."

मंगळवारी तो परांचीवरून पडला.

गुरुवारी डॉक्टर उस्मानने मला बाजूला घेतलं.
सुदानचा माणूस, इंग्रजी सावकाश बोलणारा,
चष्मा पुसत पुसत.
बराच वेळ सांगत होता.
मराठीत ते तीन शब्दांत मावलं,
घरच्यांना कल्पना द्या.
मरणाच्या थोडं आधी
आपण ह्याच शब्दाला पुढे पाठवतो,
रबरी चप्पल घालून.

इथे आठ, हर्णैला साडेनऊ.
दीड तास ती माझ्यापुढे होती.
जुलेखाभाभीने आधी माझीच खुशाली विचारली,
पाठ कशी आहे, डाळ मिळते का.
मी घसा साफ केला.
"खाट खिडकीशी आहे का हो?
भिंतीकडे तोंड असलं की ह्यांना झोप लागत नाही."
खिडकी होती.
बाहेर जनरेटर, त्यामागे पिवळी भिंत,
भिंतीवर मघाशी एक मांजर होतं, तेही गेलेलं.
आहे, म्हणालो.
"काय दिसतं?"
खाडी.
"आणि?"
पलीकडचा दीपस्तंभ. आणि गलबत.
"कुठवर आलंय?"
वरच्या फळ्या राहिल्यात, डाव्या बाजूच्या.
"ह्यांची बाजू."
हो. तिथे कुणाला लावलेलं नाही.
"रंग?"
रंग नाही अजून. मासळीचं तेल चोपडलंय.
"खोलीत वास येतो?"
येतो, म्हणालो, अगदी उशीपर्यंत.
मला थांबता येत नव्हतं.
एक पोरगा होडी वल्हवत गेला, तो सांगितला,
पाण्यावर दिवे लागले, ते सांगितले,
जनरेटरची घरघर तिला ऐकू गेली
तेव्हा म्हणालो, लाँच आहे, बंदराला लागतेय.

पलीकडे भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.
मग खुर्ची ओढल्याचा.
"बरं," ती म्हणाली, "बसले मी.
आता सांगा."

शनिवारी वहीत लिहिलं:
सागवान, नऊ फळ्या, डावी बाजू.
पुढच्या रकान्यात कारागिराचं नाव लागतं.
हमूदला विचारलं, कोण?
बोट कपाळापर्यंत गेलं नाही.
त्याने नुसते दोन्ही हात पसरले,
तळवे वर, त्यांना तेल लागलेलं.
ते मला मराठीत वाचता आलं.
रकाना तसाच ठेवून
मी खिळे मोजायला घेतले.